पाण्यातील जड धातूंवर कार्बनचा उतारा : चेन्नईच्या प्रयोगशाळांतील वाटचाल

चेन्नईच्या बीच स्थानकावरून तांबरमकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीने प्रवास केल्यास पल्लावरमनंतर क्रोमपेट हे स्थानक लागते. वस्तीला धातूचे नाव मिळण्याचा हा प्रकार विरळाच म्हणावा लागेल. ब्रिटिश अमदानीत येथे उभ्या राहिलेल्या क्रोम लेदर कंपनीवरून हे नाव रूढ झाले. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत त्या काळी नवी होती. कंपनी इतिहासजमा झाली, पण नाव टिकले. या परिसरातील चर्मोद्योगाच्या सांडपाण्याबरोबर जमिनीत मुरलेले क्रोमियम मात्र संशोधकांच्या आणि न्यायालयांच्या चिंतेचा विषय होऊन बसले.

याच महानगरात, गिंडीच्या जंगलाला लागून असलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी मद्रास) पाण्यातील जड धातू वेगळे करण्यासाठी अतिसूक्ष्म, म्हणजेच नॅनो, पदार्थांवर दोन दशकांहून अधिक काळ संशोधन सुरू आहे. कार्बनच्या नॅनोनलिका, ग्राफीन आणि त्यांवर चढवलेली लोखंडाची वा मँगनीजची संयुगे अशी या संशोधनाची सामग्री आहे. वृत्तपत्रांतून अशा शोधांची बातमी येते, तेव्हा 'पाणी शुद्ध करणारा चमत्कारी पदार्थ' असे तिचे वर्णन केले जाते. प्रत्यक्षात हा पदार्थ काय करतो आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

अणू जळत नाही, कुजत नाही

शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम आणि आर्सेनिक ही जड धातूंमध्ये नेहमी घेतली जाणारी नावे. त्यांतील आर्सेनिक हे काटेकोर अर्थाने धातू नव्हे, ते उपधातू आहे. पण विषारीपणामुळे त्याची गणना याच पंक्तीत होते. भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेल्या मर्यादा पाहिल्या, तर या पदार्थांचा धाक किती आहे याची कल्पना येते. एका लिटर पाण्यात शिसे १० मायक्रोग्रॅम, आर्सेनिक १० मायक्रोग्रॅम, कॅडमियम ३ मायक्रोग्रॅम, पारा अवघा १ मायक्रोग्रॅम आणि क्रोमियम ५० मायक्रोग्रॅम यांपेक्षा अधिक असू नये, असे हे मानक सांगते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग होय.

जंतू पाणी उकळल्याने मरतात. कीटकनाशकाचा रेणू तोडून त्याचे निरुपद्रवी तुकडे करता येतात. आयआयटी मद्रासमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टी. प्रदीप यांच्या गटाने २००३ मध्ये नेमके हेच दाखवून दिले होते. सोन्याचे व चांदीचे नॅनोकण क्लोरीनयुक्त कार्बनी संयुगांचे विघटन करतात, असे त्यांना आढळले. त्यावर आधारित कीटकनाशक-निर्मूलक गाळणी २००७ मध्ये घरगुती जलशुद्धी यंत्रांतून बाजारात आली.

धातूंच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. शिशाचा अणू हा अणूच राहतो. तो जळत नाही, कुजत नाही, त्याचे तुकडे होत नाहीत. पाणी उकळले तर वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात धातूचे प्रमाण उलट वाढते. त्यामुळे धातू पाण्यातून उचलून दुसऱ्या कशावर तरी नेऊन ठेवणे, एवढा एकच उपाय उरतो. पुढे जे काही सांगायचे आहे, ते सर्व या एका गोष्टीभोवती फिरते.

कोळशाला कल्हई

पाणी गाळण्यासाठी कोळसा व वाळू वापरण्याची रीत घरोघरी परिचित आहे. आजच्या फिल्टरमधील 'अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन' हा त्याच कोळशाचा सुधारलेला अवतार. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांमुळे एका ग्रॅमचे अंतर्गत क्षेत्रफळ पाचशे ते दीड हजार चौरस मीटर भरते. रंग, वास आणि कार्बनी अशुद्धी या पृष्ठभागाला चिकटून बसतात. पदार्थ आत मुरत नाही, केवळ पृष्ठभागावर धरला जातो, म्हणून या क्रियेला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात.

परंतु पाण्यात विरघळलेल्या धातूंपुढे साधा कोळसा बहुधा हतबल ठरतो. शिसे किंवा कॅडमियम पाण्यात विद्युतभारित आयनांच्या रूपात असते आणि त्याभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते. शुद्ध कार्बनच्या पृष्ठभागावर विद्युतभार जवळजवळ नसतोच. अशा पृष्ठभागाजवळून आयन सहज निसटून जातो.

१९९१ मध्ये जपानचे सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे कार्बन नॅनोनलिकांकडे जगाचे लक्ष वेधले गेले. २००४ मध्ये मँचेस्टर येथे आंद्रे गाईम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटपासून एकाच अणूच्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा केला. त्यासाठी त्यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. एक ग्रॅम ग्राफीनचे क्षेत्रफळ सिद्धांतानुसार सुमारे २,६३० चौरस मीटर येते. एवढा विस्तीर्ण पृष्ठभाग पाहून जलशुद्धीच्या क्षेत्रात आशा पल्लवित झाल्या, यात नवल नाही. तथापि पृष्ठभाग मोठा असला तरी तो मुळात कार्बनचाच. धातूविषयीची त्याची उदासीनता नावात 'नॅनो' आल्याने संपत नाही.

ती संपवण्यासाठी पृष्ठभागात बदल करावा लागतो. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथिलाची कल्हई लावण्याची पद्धत होती. भांडे पितळेचेच राहते, पण अन्नाशी संबंध येतो तो कल्हईचा. नॅनोकार्बनची गोष्ट काहीशी अशीच आहे. तीव्र नायट्रिक आम्लाच्या साहाय्याने नलिकांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट बसवले जातात. पाण्यात हे गट हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात आणि शिसे, कॅडमियम यांसारख्या धनभारित आयनांना ओढून घेतात. पाऱ्यासाठी गंधकयुक्त गट अधिक उपयुक्त ठरतात, कारण पारा व गंधक यांचे सख्य रसायनशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आर्सेनिकची तऱ्हा याहून वेगळी. पाण्यात ते ऑक्सिजनशी संयोग पावून राहते आणि त्याचे एक रूप ऋणभारित, तर दुसरे सामान्य भूजलात भाररहित असते. ऋणभारित पृष्ठभाग पहिल्याला दूर लोटतो आणि दुसऱ्यावर त्याचा परिणामच होत नाही. षट्‌संयुजी क्रोमियम, म्हणजे या धातूचे कर्करोगकारक रूप, हेही पाण्यात ऋणभारितच असते. तेव्हा एका धातूसाठी केलेली कल्हई दुसऱ्याला चालत नाही. 'सर्व जड धातू काढणारा' असा दावा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

चेन्नईतील तीन वाटा

आयआयटी मद्रासच्या भौतिकशास्त्र विभागातील प्रा. एस. रामप्रभू व त्यांचे सहकारी यांनी आर्सेनिकच्या या स्वभावावर लोखंडाचा उपाय योजला. लोखंडाच्या ऑक्साइडला आर्सेनिकचे आकर्षण असते. या गटाने बहुस्तरीय कार्बन नॅनोनलिकांवर मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह-ऑक्साइडचे कण बसवले आणि त्यापासून विद्युतअग्रे तयार केली. अग्रांना अल्प दाबाची वीज दिली की पाण्यातील आयन त्यांच्याकडे खेचले जातात. विद्युतभार साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरचेच हे तत्त्व होय. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात या पद्धतीने आर्सेनिक आणि समुद्राच्या पाण्यातील सोडियम या दोहोंचे निष्कासन दाखवण्यात आले. पुढच्याच वर्षी ग्राफीन वापरून तसाच प्रयोग प्रसिद्ध झाला. मिंजूर व नेम्मेली येथे समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प चालवणाऱ्या चेन्नईत हा विषय निघावा, हे स्वाभाविकच होते.

प्रा. प्रदीप यांच्या गटाने दुसरी वाट धरली. ग्राफीन ऑक्साइडपासून मिळणाऱ्या ग्राफीनवर चांदीचे किंवा मँगनीज डाय-ऑक्साइडचे नॅनोकण वाढवून त्यांनी पाण्यातील पारा काढून दाखवला. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एक तपशील बातम्यांत सहसा येत नाही, पण व्यवहाराच्या दृष्टीने तोच मोलाचा आहे. ग्राफीनची भुकटी पाण्यात टाकल्यावर ती परत काढायची कशी, हा प्रश्न होता. नळीत भरली तर ती दाटून बसते आणि पाणी पुढे सरकत नाही, सुटी सोडली तर पाण्याबरोबर पेल्यात येते. संशोधकांनी ती नदीच्या वाळूवर चिकटवली आणि चिकटवण्यासाठी कायटोसान वापरले. कोळंबी व खेकडे यांच्या कवचापासून मिळणारा हा पदार्थ किनारपट्टीच्या प्रदेशात दुर्मिळ नाही.

वाळूचा हा धागा पुढेही चालू राहिला. २०१२ मध्ये याच गटाने साखरेपासून ग्राफीन तयार केले. साखरेच्या पाण्यात घोळलेली वाळू नायट्रोजनच्या वातावरणात ७५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, की साखरेचा कार्बन होऊन वाळूच्या कणांवर त्याचा पातळ थर बसतो. या काळ्या वाळूने रंगद्रव्य आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक पाण्यातून काढून टाकले. येथे धातू नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. तथापि महागड्या नलिकांऐवजी स्वयंपाकघरातील जिन्नस वापरता येतो, हे या प्रयोगाने दाखवले.

आणि तिसरी वाट कार्बनपासून दूर गेली. प्रत्यक्ष गावांतील पाण्यासाठी जे तंत्र पुढे आले, त्यात ना नॅनोनलिका आहेत ना ग्राफीन. 'आर्सेनिक अँड मेटल रिमूव्हल बाय इंडियन टेक्नॉलॉजी' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'अमृत' म्हटले जाते. केंद्र सरकारच्या शहरविकासाच्या 'अमृत' योजनेशी त्याचा संबंध नाही. यात लोखंडाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे नॅनोकण कायटोसानच्या जाळ्यात अडकवलेले असतात. जाळ्यामुळे कण एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत आणि त्यांची पकड टिकते. आर्सेनिकची दोन्ही रूपे त्यांवर बसतात. या पदार्थाची रचना व कार्य यांचे सविस्तर विवेचन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी २०१३ मध्ये याच घडणीच्या पदार्थांविषयी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या निबंधात, एका कुटुंबाला वर्षाला अडीच डॉलर खर्चात शुद्ध पाणी मिळू शकेल, असा अंदाज संशोधकांनी वर्तवला होता. पश्चिम बंगालमधील आर्सेनिकग्रस्त भागांत 'अमृत'वर आधारित सामूहिक संयंत्रे बसवण्यात आली. प्रा. प्रदीप यांना २०२० मध्ये पद्मश्री आणि २०२२ मध्ये पाण्यासाठीचा प्रिन्स सुलतान बिन अब्दुलअझीझ आंतरराष्ट्रीय पुरस्कार प्राप्त झाला.

कार्बनवर इतके काम करून झाल्यावर लोखंड का निवडले गेले, याचे उत्तर फारसे गूढ नाही. आर्सेनिक पकडणारे अखेर लोखंडच असते, कार्बन हा त्याचा पाट. तो पाट कायटोसानचा चालत असेल, साध्या तापमानाला आणि पाण्यातच तयार होत असेल, तर तापलेल्या भट्टीतून निघणाऱ्या नलिकांचा खर्च सोसण्याचे कारण उरत नाही.

कागदावरचे तीन ग्रॅम

अशा पदार्थांची महती सांगताना क्षमतेचा आकडा पुढे केला जातो. एक ग्रॅम पदार्थ शंभर मिलीग्रॅम धातू धरतो, असे म्हटले जाते. हा आकडा खोटा नसतो, पण तो कसा मिळाला हे पाहावे लागते.

पाच माणसांचे एक कुटुंब पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दिवसाला १५ लिटर पाणी वापरते असे धरू. पाण्यात लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या पाचपट, आर्सेनिक आहे. रोजचे ७५० मायक्रोग्रॅम झाले. वर्षाचा हिशेब केला तर अवघे २७४ मिलीग्रॅम भरते. वरील क्षमतेनुसार तीन ग्रॅमहून कमी पदार्थ वर्षभर पुरायला हवा.

तसे होत नाही. ती क्षमता बहुधा धातूचे प्रमाण भरपूर ठेवलेल्या द्रावणात मोजलेली असते. पाण्यात धातू विरळ असला की पदार्थ त्याच्या एका अंशावरच तृप्त होतो. शिवाय प्रयोगशाळेतील पाणी ऊर्ध्वपातित असते. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट व सिलिकेट मिलीग्रॅमच्या हिशेबात असतात, म्हणजे आर्सेनिकच्या हजारो पट. त्यातही फॉस्फेट हे रासायनिक ठेवणीने आर्सेनिकच्या एका रूपाचे जणू जुळे भावंड असून ते लोखंडावरच्या त्याच जागा बळकावते. आम्लधर्मी पाण्यात हायड्रोजनचे आयन शिशाच्या जागा अडवतात. आणि प्रयोगशाळेत पदार्थ व पाणी तासन्‌तास ढवळता येते, घरच्या फिल्टरमधून मात्र पाणी काही मिनिटांत निघून जाते.

म्हणूनच पदार्थ कोणत्या पाण्यावर तपासला, हा प्रश्न क्षमतेच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा व आसपासच्या गावांतील भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये निदर्शनास आले. तेथील आर्सेनिक खडकांतून येते, तर बंगालमधील गंगेच्या गाळातून. एका ठिकाणी यशस्वी झालेली गाळणी दुसरीकडे तेवढीच चालेल, असे तपासणीशिवाय म्हणता येत नाही.

नॅनोनलिकांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. लांब व ताठ नलिका उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्यास अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह होतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या बहुस्तरीय नलिकांना 'माणसात कर्करोगास संभाव्यतः कारणीभूत' या वर्गात घातले. हा धोका प्रामुख्याने श्वासावाटे जाणाऱ्या धुळीचा असून तो पहिल्यांदा कारखान्यातील कामगाराला भेडसावतो. पाण्याच्या गाळणीत नलिका पक्क्या बसवणे आवश्यक आहे ते यासाठीही.

राणीपेटचा ढीग

आता पकडलेल्या धातूकडे वळू. पाणी स्वच्छ झाले तरी २७४ मिलीग्रॅम आर्सेनिक नाहीसे झालेले नसते. ते गाळणीत असते.

धातूने भरलेला घन पदार्थ उघड्यावर पडला तर काय होते, याचे उदाहरण चेन्नईच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, पालार नदीच्या खोऱ्यातील राणीपेट येथे आहे. क्रोमियमची रसायने तयार करणारा तेथील एक कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि मागे एक लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त कचरा ठेवून गेला. दर पावसाळ्यात त्यातून पिवळसर पाणी झिरपत राहिले. त्याच पालार खोऱ्यातील चर्मोद्योगाच्या प्रदूषणावर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या याचिकेत निकाल दिला. 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे त्या निकालात स्पष्ट करण्यात आले. चेन्नईतील केंद्रीय चर्म संशोधन संस्था क्रोमियम सांडपाण्यात जाण्यापूर्वीच वाचवण्याच्या पद्धती विकसित करते. गाळणीपेक्षा तो मार्ग अर्थातच स्वस्त पडतो.

वापरलेल्या अधिशोषकाचे दोन प्रकारे निवारण करता येते. आम्ल किंवा अल्कलीने धुऊन पदार्थ पुन्हा वापरता येतो, पण मग थोड्याशा द्रवात एकवटलेला धातू हाती उरतो आणि त्याची सोय लावावी लागते. विजेवर चालणाऱ्या अग्रांमध्येही तेच घडते. भार उलटा केला की आयन सुटतात आणि धुवणाच्या पाण्यात जमा होतात. दुसरा मार्ग म्हणजे पदार्थ सिमेंटमध्ये बंदिस्त करणे किंवा धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत भूभरावात पाठवणे. त्याआधी त्यातून धातू परत किती सुटतो, याची आम्लधर्मी द्रवातील चाचणी घेतली जाते. लोखंडावर बसलेले आर्सेनिक साधारणपणे घट्ट राहते. परंतु हवा न पोचणाऱ्या, सडक्या कचऱ्याच्या ढिगात लोखंडाचे ऑक्साइड जिवाणूंच्या क्रियेने विरघळते आणि त्याच्याबरोबर आर्सेनिक मोकळे होते. बंगालच्या गाळात भूजल दूषित होण्यामागे ही क्रिया असल्याचे मानले जाते.

या दृष्टीने सामूहिक संयंत्र आणि घरगुती फिल्टर यांत मोठा फरक पडतो. गावाच्या संयंत्रातील माध्यम एकाच जागी, एकाच वेळी बदलले जाते. हजार कुटुंबांचे वर्षाचे आर्सेनिक, वरील हिशेबाने, पाव किलोच्या आसपास भरते आणि ते एका पिंपात बंद करून पाठवता येते. घरोघरच्या फिल्टरमधील कांडी मात्र बदलल्यावर ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर बाहेर जाते. चेन्नईत असा कचरा अनेक वर्षे कोडुंगैयूर आणि पेरुंगुडी येथील दोन कचराभूमींत टाकला जात होता. त्यांतील पेरुंगुडीची कचराभूमी पल्लीकरणईच्या पाणथळीला लागून आहे. २०२२ मध्ये या पाणथळीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळांच्या यादीत झाला. आयआयटीच्या आवारापासून ती काही किलोमीटरवर आहे.